उतरण्याआधी चावी खिशात

वाचकाचं पत्र

मुंबईत बत्तीस वर्षं नोकरी करून मी गेल्या वर्षी गावी, लांजा तालुक्यात, कायमचा राहायला आलो. वडिलोपार्जित हापूसची दीडेकशे कलमं आहेत, काही सपाटीला, काही उतारावर. बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं कापायला, गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. म्हणून यंदा मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे लावायचा चार फुटी स्लॅशर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, घेतला. गणपती झाल्यावर काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरचा जोर स्लॅशरपर्यंत नेणाऱ्या शाफ्टचा बोल्ट तीनदा तुटला. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचा ‘चांगला कडक’ बोल्ट दिला, तेव्हापासून तुटलेला नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर खडखडतं आणि ग्रीस मारायला आडवं येतं. ते काढून टाका, सगळेच काढतात, असं ओळखीचा मेकॅनिक म्हणाला. मी अजून काढलेलं नाही. घरात पत्नीचा या यंत्राला पहिल्यापासून विरोध आहे. तिचं म्हणणं, साठीनंतर हे धंदे नकोत. त्यात दिवाळीला मुलगा येणार आणि सहा वर्षांच्या नातवाला आजोबांबरोबर मडगार्डवर बसून बाग फिरायची आहे. मी धाडस करतोय की वेडेपणा? स्पष्ट सांगा.
— एक वाचक, लांजा तालुका

नमस्कार.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं, कारण कव्हर अजून जागेवर आहे. मग बोल्टचं वाचलं आणि हायसं वाटणं गेलं. वेडेपणा वगैरे काही नाही. चार फुटी स्लॅशर कलमांच्या बागेला उत्तम यंत्र आहे, दहा बाय दहा मीटरवर लावलेली जुनी बाग असेल तर ट्रॅक्टर आरामात वळतो. पण तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींत तीन जागी धोका आहे, आणि एका जागी वहिनी निम्म्या बरोबर आहेत.

ते कव्हर काढू नका. आजही नाही, ‘ग्रीस मारण्यापुरतं’ काढून परत न बसवण्याच्या हिशेबानेही नाही.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राचा शाफ्ट फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट सात सेंटीमीटर जाडीचा धरला तर त्याचा घेर बावीस सेंटीमीटर होतो. नऊ फेऱ्यांत तो जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो, आणि तेही एका सेकंदात. आपली घरी नेसायची लुंगी साधारण तेवढीच असते. टोक अडकलंय हे डोक्याला कळून हात हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात अर्धा मीटर आत गेलेलं असतं. त्या वेळी माणूस कापड ओढत नसतो, कापड माणसाला ओढत असतं. लुंगी, खांद्यावरचा पंचा, पदर, ओढणी, पावसाळी कोटाची लोंबती नाडी, शाफ्टला सगळं सारखंच.

हे पुस्तकातून वाचून लिहीत नाही. पंचविशीत असताना घाटावर एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र चालू ठेवून गिअरबॉक्सला कान लावून आवाज ऐकत होतो. शाफ्टला कव्हर नव्हतं, कारण आम्हीच ते काढून कोपऱ्यात फेकलं होतं. शर्टाची बाही क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या सांध्याच्या, पिनेत अडकली. शर्ट जुना, धुऊन धुऊन विरलेला होता म्हणून खांद्यापासून फाटून गेला, आणि मी राहिलो. नवा कोरा शर्ट असता तर हे सदर दुसऱ्या कुणाला लिहावं लागलं असतं. त्या दिवसापासून कामाला जुने कपडे घालतो. लोकांना वाटतं कंजूष आहे.

कव्हर खडखडतं याचं कारण बहुतेक असं असेल की त्याच्या टोकांच्या दोन बारीक साखळ्या कुणी अडकवल्याच नाहीत. शाफ्टने फिरायचं आणि कव्हरने स्थिर राहायचं, म्हणून एक साखळी ट्रॅक्टरच्या न हलणाऱ्या भागाला आणि दुसरी स्लॅशरच्या सांगाड्याला बांधायची असते. साखळी नसली की कव्हर शाफ्टबरोबर फिरायला लागतं, आपटतं, फुटतं आणि मग मेकॅनिक म्हणतो काढून टाका. इंजिन बंद करून, चावी काढून कव्हर हाताने फिरवून बघा. शाफ्टवर मोकळं फिरलं तर ठीक. अडकत असेल तर आतली बुशं झिजली आहेत, ती बदलून मिळतात. ग्रीसच्या निपलपर्यंत पोचायला कव्हर मागे सरकतं किंवा त्याला खिडकी असते. ग्रीसगनला रबरी नळी लावली की झालं. ट्रॅक्टरच्या बाजूला पीटीओच्या टोकावर लोखंडी छप्परही असतं, ते जागेवर आहे ना तेही बघा. शोरूममधून येतानाच गायब असलेली ही छप्परं मी पाहिली आहेत.

आता बोल्ट. शेजाऱ्यांचा हेतू चांगला, पण बोल्ट आजच काढा.

तो तुटणारा बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पातं दगडाला किंवा खुंटाला आपटलं की तो धक्का शाफ्टमधून गिअरबॉक्सकडे आणि तिथून ट्रॅक्टरच्या पोटात जाऊ नये म्हणून आधी बोल्टाने तुटायचं. घरातल्या फ्यूजसारखं. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोकही आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या घरांच्या भिंती काळ्या झालेल्याही आपण पाहिल्या आहेत. कडक बोल्ट घातल्यावर धक्का संपत नाही, तो पुढची कमकुवत जागा शोधतो. कधी गिअरचे दात जातात, कधी क्रॉस तुटतो. वेगात असलेल्या शाफ्टचा क्रॉस तुटला तर सुटलेलं टोक ट्रॅक्टरच्या सीटच्या मागेच नाचत असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागे. कंपनीच्या पुस्तकात बोल्टाची जाडी आणि त्याच्या डोक्यावरचा ग्रेडचा आकडा दिलेला असतो. त्याच ग्रेडचे दहा-बारा आणून डब्यात ठेवा. महाग नसतात.

पण खरा प्रश्न बोल्ट तुटला कशाने, हा आहे. एका दिवसात तीनदा तुटतो म्हणजे तुमचं पातं तीनदा जांभ्या दगडाला लागलं. लांज्याच्या बागेत जांभा नसणार तर काय असणार! गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, सुटलेले दगड, कलमाच्या आळ्याभोवती रचलेले दगड, कधीकाळी बांधकामाला आणून राहून गेलेले चिरे, सगळे पावसात कमरेएवढ्या गवतात बुडतात. स्लॅशर त्यांच्यावर आंधळा जातो.

हा हिशेब एकदा करून बघा. पात्याच्या टोकांमधलं अंतर चार फूट, म्हणजे १.२ मीटर. स्लॅशरच्या गिअरबॉक्समध्ये वेग वाढून पाती मिनिटाला हजार फेरे फिरतात असं धरलं तर पात्याचं टोक सेकंदाला साधारण ६३ मीटर जातं. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. चांगला वेगवान गोलंदाज ताशी दीडशेच्या आतबाहेर चेंडू टाकतो आणि समोरचा माणूस पॅड, हेल्मेट घालून, बघत उभा असतो. तुमच्या बागेत उडालेला मुठीएवढा दगड ज्याला लागणार तो बहुधा पाठ करून उभा असेल. म्हणून स्लॅशरच्या पुस्तकात माणसं शंभर मीटर लांब ठेवा असं लिहिलेलं असतं ते उगाच घाबरवायला नव्हे. शंभर मीटर म्हणजे कलमांच्या दहा ओळी.

तेव्हा बेणणीच्या आदल्या दिवशी बाग पायी फिरायची. कुणालाच आवडत नाही हे काम, मलाही नाही. हातात कोयती आणि काठी, पायात गमबूट. काठी गवतात आपटत चालायचं, कारण जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं आणि ते स्लॅशरचा आवाज ऐकून पळत नाही. सुटे दगड उचलून गडग्याला लावायचे. न उचलण्यासारखा दिसला तर त्याच्याशेजारी काठी रोवून वर लाल चिंधी बांधायची. जुन्या कुंपणाची काटेरी तार, ठिबकची नळी, फवारणीनंतर राहिलेली नायलॉनची दोरी यांच्याकडे दगडापेक्षा जास्त लक्ष द्या. दगड उडून जातो. तार पात्याला गुंडाळली जाते आणि तिचे तुकडे सुऱ्यासारखे सुटतात.

तुमच्या भागाची एक खास गोष्ट: जुन्या चिरेखाणी. वीस-तीस वर्षांपूर्वी घराला चिरे काढले, खड्डा तसाच राहिला, त्यात झुडपं वाढली. कठडा नसलेल्या विहिरींचंही तेच. तुम्ही बत्तीस वर्षं मुंबईत होतात. बागेचा नकाशा तुमच्या डोक्यात आहे तो शाळेत असतानाचा. गावातल्या जुन्या गड्याला एक दिवसाची मजुरी देऊन बरोबर फिरवा आणि खड्डे कुठे आहेत ते दाखवायला सांगा. ती मजुरी वाया जाणार नाही.

कापणीची उंची चार ते सहा इंच ठेवा. हिरवळीसारखं तासून काढायची गरज नाही, आंबा गोळा करायच्या वेळेपर्यंत ते गवत वाळून बसलेलं असतं. पहिल्यांदा उंच कापा, गरज वाटली तर दुसरा हात जरा खाली. स्लॅशरच्या पुढे-मागे लोंबणाऱ्या साखळ्या किंवा रबरी पट्ट्या शोभेच्या नाहीत, दगड अडवायला आहेत. त्यातल्या चार तुटल्या असतील तर त्या चार जागांमधून दगड बाहेर येणार. कलमाच्या बुंध्यापाशी स्लॅशर नेऊच नका. तिथे आळ्याचे दगड असतात, आणि सालीला पात्याचा घाव बसला तर खोडकिड्याला दार उघडून दिल्यासारखं होतं. बुंध्याभोवतीचा हात-दोन हात कोयतीनेच.

काही मिनी ट्रॅक्टरना पीटीओचे दोन-तीन वेग असतात. स्लॅशर ५४० चा असेल आणि लिव्हर चुकून वरच्या वेगात पडली, तर पाती ज्या वेगासाठी बनवलेलीच नाहीत त्या वेगाने फिरतात. वर लिहिलेले सगळे आकडे मग कमी पडतात. लिव्हरच्या ५४० च्या खुणेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. वहिनींकडून मागा, तेवढ्यासाठी बोलणं सुरू होईल.

उताराबद्दल तुम्ही अर्ध्याच ओळीत लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणून बागेत सोयीचा आणि म्हणूनच उलटायलाही सोपा. स्लॅशरचं वजन मागे असतं. चढ सरळ चढायला गेलात तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. आणखी पुढे गेलं की नाक वर. ट्रॅक्टर मागे उलटायला लागला की उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही. तेव्हा उतारावर आडवंही चालायचं नाही आणि पुढच्या तोंडाने चढायचंही नाही. पाती बंद करून, स्लॅशर जमिनीपासून जेमतेम उचललेला ठेवून चढ उलटा म्हणजे मागच्या बाजूने चढायचा आणि वरून खाली, पहिल्या गिअरमध्ये, कापत उतरायचं. वेळ दुप्पट जातो हे खरं. उतरताना गिअर काढायचा नाही, क्लच दाबून घरंगळायचं नाही. दोन ब्रेकच्या पट्ट्या एकमेकींना जोडणारी कडी लावून ठेवायची, नाहीतर घाईत एकाच चाकाचा ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. पुढच्या बाजूला वजनं लावता येत असतील तर लावा. बांधाच्या कडेपासून बांध जितका उंच तितकं तरी आत राहायचं. चार फुटांचा बांध असेल तर चार फूट, आणि सप्टेंबरात माती ओली असताना त्याहून जास्त. सकाळी दव असताना उतारावर जाऊ नका, दहा वाजू द्या.

तुमच्या ट्रॅक्टरला सीटच्या मागे लोखंडी कमान आहे का? असेल तर ती उभी ठेवून पट्टा लावून चालवा. ती आंब्याच्या खालच्या फांद्यांत अडकते म्हणून लोक पाडून ठेवतात. त्यापेक्षा आड येणाऱ्या चार फांद्या छाटलेल्या बऱ्या. कमान नसेल किंवा पाडलेली असेल तर मात्र पट्टा लावू नका. तेव्हा पट्टा तुम्हाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवेल.

आणि जो भाग तुम्हाला बघूनच पोटात गोळा आणतो, तो गड्यांना द्या. वहिनी निम्म्या बरोबर आहेत म्हणालो ते यासाठी. दीडशेपैकी उतारावरची तीस-चाळीस कलमं, विहिरीचा परिसर, खाणीचा कडा, हे सगळं कोयती नाहीतर खांद्यावरच्या ग्रास कटरचं काम आहे. सपाटीची बाग ट्रॅक्टरने उरकल्यावर मजुरीचा आकडाही परवडण्यात येतो. साठीचा मात्र संबंध नाही. माझ्याकडे अपघाताची जी यंत्रं आली त्यांचे चालक बहुतेक पंचविशीचे होते आणि ‘काय होत नाय ओ’ म्हणणारे होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. इतकी वर्षं मोडकी यंत्रं दुरुस्त करताना मी एक प्रश्न नेहमी विचारत आलो: झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात? सीटवर बसून चालवत होतो असं उत्तर फार कमी वेळा येतं. बहुतेक वेळा माणूस खाली उतरलेला असतो. वेल अडकला म्हणून काढायला, आवाज कसला येतोय बघायला, बोल्ट बदलायला. इंजिन चालूच. ‘दोन मिनिटांचंच काम होतं.’

म्हणून बाकी सगळं विसरलात तरी हे हाताच्या सवयीचं करा. पीटीओ बंद, स्लॅशर जमिनीवर, गिअर काढून हँडब्रेक, इंजिन बंद, चावी शर्टाच्या खिशात, आणि मग उतरायचं. चावी ट्रॅक्टरला लावलेली ठेवून नाही, सीटवर ठेवून नाही, खिशात. चावी खिशात असताना कुणी मागून येऊन इंजिन चालू करू शकत नाही, आणि तुमच्या हातून लिव्हरला धक्का लागला तरी काही फिरत नाही.

उतरलात की लगेच वाकू नका. स्लॅशरच्या पात्यांना ब्रेक नसतो. जड चकतीला लोंबकळलेली ती पाती पीटीओ बंद केल्यावरही अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त फिरत राहतात, आणि बाहेरून दिसत नाहीत. आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभं राहून तंबाखू मळा, किंवा नका मळू, पण थांबा.

हाच जडपणा आणखी एका ठिकाणी नडतो, आणि नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. काही लहान ट्रॅक्टरना एकच क्लच असतो. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि चाकं आतून एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग वेगात फिरणारी स्लॅशरची चकती उलट चाकांना ढकलते. तुम्ही बांधापाशी क्लच दाबून थांबायला जाता आणि ट्रॅक्टर थांबत नाही, पुढे जात राहतो. घाबरलेला माणूस क्लच आणखी जोरात दाबतो. तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ कसा आहे ते पुस्तकात बघा किंवा विक्रेत्याला विचारा. एकच क्लच असेल तर पीटीओ आणि शाफ्टच्या मध्ये बसणारा ओव्हररनिंग क्लच मिळतो, तो बसवून घ्या. तो एकाच दिशेने जोर जाऊ देतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. मात्र त्याने शाफ्टची लांबी वाढते. ट्रॅक्टर आणि स्लॅशरमध्ये शाफ्ट पूर्ण मिटून ठासला जात नाही ना आणि लांबल्यावर आतबाहेरच्या नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश राहतात ना, हे लिफ्ट हळूहळू खालीवर करून तपासा.

बोल्ट बदलायला किंवा पात्याला धार लावायला स्लॅशर उचलावा लागतो. लिफ्टवर उचललेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही. हायड्रोलिकचं तेल झिरपतं, सील जातं, कुणाचा तरी ढोपर लिव्हरला लागतो. खाली ऐनाचे नाहीतर आकेशियाचे जाड ओंडके द्यायचे, चारही बाजूंना. आणि कोकणात हात आपोआप ज्याच्याकडे जातो तो चिरा मात्र द्यायचा नाही. घराच्या भिंतीत जांभा पिढ्यानपिढ्या उभा राहतो, पण लोखंडाची धार एका कोपऱ्यावर टेकली तर तो क्षणात फुटतो, इशारा न देता. चार ओंडके कापून त्यांना पिवळा रंग देऊन ठेवा, म्हणजे पावसात चुलीत जाणार नाहीत.

पात्याला दाढीच्या ब्लेडसारखी धार नको, साधारण दीड मिलिमीटर जाडीची कडा राहू द्या. तशी जास्त टिकते आणि दगडाला लागून तुकडा उडत नाही. बदलायची तर दोन्ही एकदम, नाहीतर वजन असमान होऊन सगळं यंत्र थरथरायला लागतं. कधीही अचानक थरथर जाणवली तर ओळ पुरी करायची नाही. तिथेच थांबा, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे: चावी.

कपड्यांचं वर आलंच. अंगासरशी पँट, बाह्या बटण लावलेल्या, बूट, डोळ्यांना चष्मा, कानाला बोंडं. मोबाइल खिशात ठेवा, ट्रॅक्टरच्या पेटीत नको. वेळ आलीच तर पेटीपर्यंत जाता येईलच असं नाही. आज कुठल्या ओळीत काम आहे आणि कधी परत येणार ते घरी सांगून निघा.

आणि चहा. याच्यावर मी मुद्दाम लिहितोय. अकरा वाजता वहिनी किंवा घरातलं कुणी किटली घेऊन बागेत येणार, तुम्हाला ऐकू जात नाही म्हणून आणखी जवळ येणार, हाक मारणार, पदर वाऱ्यावर. हे होऊ देऊ नका. चहाची वेळ ठरवा आणि तुम्हीच घरी या. मधेच काम निघालं तर लांब गडग्यापाशी उभं राहून टॉवेल हलवायचा, तुम्ही इंजिन बंद करून चालत यायचं. तो शंभर मीटरचा नियम घरच्या माणसांसाठी मोडतो, परक्या माणसासाठी कधीच मोडत नाही.

बेणणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकून घ्या. गवत वाळून खडखडीत झालं की पात्याची जांभ्यावर एक ठिणगी पुरते, गरम सायलेन्सरला वाळलं गवत चिकटलं तरी पुरतं. फेब्रुवारीतला वणवा कुठून येतो हे नेहमी दुसऱ्याच्या बागेत शोधलं जातं. रोज काम संपल्यावर गिअरबॉक्सभोवती आणि इंजिनखाली अडकलेलं गवत झाडूनच ट्रॅक्टर आत ठेवा.

सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख आणि एक हात किंवा पाय गेला तर एक लाख मिळतात. सातबारा तुमच्या नावावर असेल तर कागद नीट ठेवा. तुम्ही मुंबईत नोकरी केली आहे, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात.

नातवाचं. मडगार्ड ही बसायची जागा नाही, कितीही सवयीची दिसली तरी. ट्रॅक्टरला एक सीट असते म्हणून एकच माणूस बसतो. मडगार्डवरून घसरलेलं मूल पडतं ते मागच्या चाकापुढे, आणि त्याच्या मागे चार फुटी स्लॅशर असतो. स्लॅशर लावलेला असताना तर नाहीच, पण नुसत्या ट्रॅक्टरवरूनही बागेत फेरी नको. ‘हळू नेईन’ हे चालत नाही. हळू गेलेलं चाकही तेवढंच जड असतं. मुलगा म्हणेल, बाबा तुम्ही मला नेत होता की. त्याला सांगा, नेत होतो, चूक होती.

पण पोराला नाराजही करू नका. स्लॅशर सोडवून शेडमध्ये ओंडक्यांवर टेकवून ठेवा. ट्रॅक्टर अंगणात सपाटीला उभा करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, चावी तुमच्या खिशात. मग त्याला सीटवर बसवा आणि स्टिअरिंग हातात द्या. इंजिनाचा आवाज तो तोंडाने काढेल, तुमच्यापेक्षा मोठा.